मळ्यात शिकलेली शेती

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत एका शेतकरी वक्त्याने दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



पन्नास वर्षे अखंड कार्य केलेल्या संस्थेच्या व्यासपीठावरून बोलण्याचा मान विश्वस्तांनी मजसारख्या शेतकऱ्याला दिला, याबद्दल प्रथम मी त्यांचे मनःपूर्वक आभार मानतो. या मालेत माझ्या आधी बोलून गेलेले वक्ते विद्वान होते. माझे शिक्षण बेताचे, आणि त्यातलेही निम्मे मळ्यात झालेले. तेव्हा मळ्यात जे शिकलो तेच आपल्यापुढे ठेवतो.

विषय शाश्वत शेतीचा आहे. हा शब्द आता इतका रुळला आहे, की त्याचा नेमका अर्थ काय हे कोणी विचारीत नाही. ट्रस्टच्या कार्यकर्त्यांना मात्र तो समजावून सांगण्याची गरज पडू नये. आपण दरवर्षी हिशेब तपासून घेता आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात सादर करता. त्या हिशेबात एक रकाना कायम निधीचा असतो. दात्यांनी दिलेल्या त्या मूळ रकमेला हात लावायचा नाही, तिच्या व्याजावर शिष्यवृत्त्या आणि औषधोपचार चालवायचे, हा आपला दंडक आहे. एखाद्या वर्षी व्याज पुरत नाही म्हणून मूळ निधी मोडला, तर त्या वर्षीचे कार्यक्रम कदाचित अधिक थाटात होतील. परंतु जाणत्या विश्वस्ताला त्या रात्री झोप लागणार नाही.

शाश्वत शेती म्हणजे याहून वेगळे काही नाही. जमिनीतील सेंद्रिय अंश, तिची भुसभुशीत घडण, तिच्यात नांदणारी जीवसृष्टी आणि तिच्या पोटातील गोडे पाणी हा शेतकऱ्याचा कायम निधी होय. पीक हे त्याचे व्याज. मी वडिलांकडून शेत हाती घेतले तेव्हा हा निधी भरलेला होता. पुढच्या पंधरा वर्षांत मी तो मोडला. तो पुन्हा कसा भरावा, हे मला पुस्तकांहून अधिक राबत्या शेतांनी शिकवले. त्या शिकण्याची आणि त्यात झालेल्या चुकांची ही हकीकत आहे.

मोडलेला निधी

आमचे गाव शिरोळ तालुक्यातले, कृष्णाकाठचे. जमीन काळी, खोल आणि चिकण. वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. अण्णांच्या तरुणपणी या रानात शाळू, हरभरा, तंबाखू आणि भुईमूग होत असे. पुढे कोयना धरण झाले, नदीला बारमाही पाणी राहू लागले. उपसा जलसिंचनाच्या सहकारी योजना उभ्या राहिल्या आणि सहकारी साखर कारखान्यांनी उसाला हक्काचे गिऱ्हाईक दिले. या उसाने आमची कौलारू घरे पक्की केली, मुलामुलींची शिक्षणे केली, लग्ने लावली. त्याचे उपकार विसरून मी आज बोलत नाही.

१९७९ साली नऊ एकरांची जबाबदारी माझ्यावर आली. पाण्याचा आकार तेव्हा एकरावर असे. कितीही पाणी पाजा, पैसे तेवढेच. त्यामुळे पाळी आली की सरी तुडुंब भरेपर्यंत मी पाट मोडत नसे. ऊस काढला की पाचट पेटवून द्यायचे, लगेच खोल नांगरट करायची आणि पुन्हा ऊसच लावायचा. शाळू आणि हरभरा हळूहळू बांधाबाहेर गेले. खताची पोती वाढत गेली आणि आरंभीची काही वर्षे टनेजही वाढत गेले.

साधारण १९८८ च्या उन्हाळ्यात खालच्या अंगाच्या तीन एकरांत जमिनीवर पांढरा थर दिसू लागला. कोणी पहाटे येऊन मीठ शिंपून जावे तसे ते रान दिसे. उसाच्या पानांचे शेंडे करपू लागले. मी अधिक खत घातले, अधिक पाणी दिले. दोन-तीन वर्षांत त्या रानात उसाचे बेणे उगवेनासे झाले आणि पाणथळ गवताने ताबा घेतला. अण्णा तेव्हा हयात होते. ते बांधावर बसून त्या रानाकडे पाहत आणि काही बोलत नसत. मला त्यांच्या बोलण्यापेक्षा ते न बोलणे अधिक लागे.

घडले ते असे. काळ्या जमिनीत पाणी लवकर खाली मुरत नाही. वर्षानुवर्षे गरजेपेक्षा अधिक पाणी दिल्याने जमिनीखालची पाणीपातळी वर वर येत गेली. ती मुळांच्या थराजवळ आली, की दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे ते पाणी मातीच्या बारीक छिद्रांतून पृष्ठभागापर्यंत चढते. उन्हाने पाणी उडून जाते आणि त्यात विरघळलेले क्षार वर राहतात. कृष्णा, वारणा आणि पंचगंगा या नद्यांच्या खोऱ्यांत हजारो एकर जमीन अशीच नापीक झाली. येथे बसलेल्यांपैकी अनेकांच्या घरची एखादी पट्टी त्यात असेल.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. हे नुकसान अज्ञानामुळे झाले असे म्हणतात, ते अर्धेच खरे आहे. ते एकमेकांकडून शिकल्यामुळेही झाले. शेजाऱ्याने दोन पाणी अधिक दिले आणि त्याचा ऊस उंच दिसला, म्हणून मीही दिले. त्याने शेतातला नैसर्गिक ओघळ बुजवून चार गुंठे वाढवले, म्हणून मीही बुजवला. शेतकरी शेतकऱ्याकडून शिकतो हे खरे. परंतु काय शिकावे आणि कसे शिकावे हे कळले नाही, तर चूकही त्याच वाटेने गावभर पसरते.

पाहून केलेली पहिली चूक

१९९३ साली मी उंबरगावला गेलो. गुजरातच्या वलसाड जिल्ह्यात, महाराष्ट्राच्या सीमेजवळ देहरी येथे भास्करभाई सावे यांची ‘कल्पवृक्ष’ वाडी आहे. भास्करभाई आरंभी शिक्षक होते, रासायनिक खते वापरून शेती करणारे होते. त्या शेतीचा खर्च वाढत गेलेला पाहून त्यांनी वाट बदलली आणि चौदा एकरांत नारळ, चिकू आणि इतर झाडांची अशी बाग उभी केली, की लोक दूरदूरहून ती पाहायला येत. २०१५ साली त्यांचे निधन झाले. २००६ साली राष्ट्रीय शेतकरी आयोगाचे अध्यक्ष डॉ. एम. एस. स्वामीनाथन यांना त्यांनी लिहिलेली जाहीर पत्रे आपल्यापैकी काहींनी वाचली असतील.

त्या वाडीत झाडे उंच गादीवर आणि पाणी गाद्यांमधल्या चरांत अशी रचना मी पाहिली. तिथली थंड, काळसर, पायाखाली दबणारी माती पाहून मी भारावून गेलो. घरी परतलो आणि क्षारपड रानाच्या वीस गुंठ्यांत तसेच चर खोदले, गाद्या केल्या, रोपे लावली आणि चरांत पाणी सोडले. पहिल्याच उन्हाळ्यात गाद्यांच्या माथ्यावर पूर्वीपेक्षा जाड मिठाचा थर आला. एकही रोप जगले नाही.

त्या वाडीला नावे ठेवून मी मोकळा होऊ शकलो असतो. पुष्कळ शेतकरी तसेच करतात. काही महिन्यांनी मी ती रचना पुन्हा मनात तपासली, तेव्हा माझी चूक मला दिसली. भास्करभाईंनी पाणी झाडाच्या बुंध्यापासून दूर नेले होते, कारण झाडाला अन्नपाणी देणारी कोवळी मुळे बुंध्याजवळ नसतात, ती फांद्यांच्या घेराच्या कडेला असतात. मुळांना पाणी नको असते, ओल हवी असते, आणि ओलीबरोबर हवाही हवी असते. आपल्या भाषेत यालाच वापसा म्हणतात. त्यांच्या जमिनीत चराने वापसा साधला जात होता. माझ्या जमिनीत खाली आधीच पाणी तुंबलेले होते. चरांनी त्यात भर घातली आणि उंच गादीने दिव्याच्या वातीचे काम केले.

मी कृती उचलली होती, तिच्या मागचे कारण तिथेच ठेवून आलो होतो. आज मला सांगावयाचे आहे ते एवढेच. दुसऱ्याच्या शेतातून कारण घेऊन यावे. कृती आपल्या मातीला विचारून ठरवावी.

तात्यांचा ओघळ

माझ्या रानाचे उत्तर मला आमच्याच शिवारात मिळाले. आमच्या भावकीतले एक वयोवृद्ध तात्या माझ्या रानाच्या पलीकडे तीन-चार एकर कसत. आम्ही सर्वांनी ओघळ बुजवले तेव्हा त्यांनी आपला बुजवला नाही. चार गुंठे वाया घालवणारा माणूस म्हणून आम्ही त्यांची थट्टाही केली होती. त्यांच्या रानात मात्र पांढरा थर कधी आला नाही. १९९५ च्या पावसाळ्यात मी त्यांच्या बांधावर जाऊन बसलो आणि विचारले. ते म्हणाले, “बाळा, पाणी यायची वाट सगळ्यांनी केली. पाणी जायची वाट कुणी ठेवली?”

मग मी माती तपासून घेतली. हे काम मी सात वर्षे आधी करायला हवे होते. खराब झालेल्या सगळ्या जमिनी एकसारख्या नसतात. जिची विद्युतवाहकता ४ डेसीसायमन प्रति मीटरपेक्षा अधिक आणि सामू ८.५ पेक्षा कमी असतो ती क्षारयुक्त; तिच्यातले मीठ निचरा केल्यावर पाण्याबरोबर धुऊन जाते. जिचा सामू ८.५ च्या वर असतो आणि जिच्यातील विनिमयक्षम सोडियम १५ टक्क्यांहून अधिक असतो ती चोपण. तिला आधी जिप्समसारखे भूसुधारक द्यावे लागते, नुसते पाणी सोडून ती सुधारत नाही. वरून दोन्ही रानांत पीक सारखेच जळते. आमच्या गावात कोणी जिप्सम घालून निराश झाले, तर कोणी चर काढून निराश झाले, कारण एकाने दुसऱ्याच्या रोगाचे औषध घेतले होते. माझे रान सुदैवाने क्षारयुक्त निघाले.

परंतु निचरा हे एकट्याचे काम नाही. माझ्या रानातले पाणी बाहेर काढायचे तर ते खालच्या शेतकऱ्याच्या रानातून ओढ्याला नेले पाहिजे. दोन वर्षे बैठका झाल्या, रुसवेफुगवे झाले. अखेर चौदा खातेदारांनी मिळून एक सामाईक चर काढला, बुजवलेले ओघळ उकरले आणि आपापल्या रानात जमिनीखाली चार-पाच फुटांवर सछिद्र पाइप टाकून ते त्या चराला जोडले. पहिल्या पावसाळ्यानंतर पाइपाच्या तोंडातून येणारे पाणी मी जिभेवर घेऊन पाहिले. ते खारट होते. इतकी वर्षे माझ्या मुळांना मी काय पाजत होतो ते त्या दिवशी मला कळले.

त्या हिवाळ्यात उतावळेपणाने मी हरभरा पेरला, तो उगवला नाही. हरभरा मिठाला अतिशय नाजूक आहे. पुढच्या वर्षी ताग-धैंच्यापैकी क्षार सोसणारा धैंचा पेरून तो फुलोऱ्यावर येताच जमिनीत गाडला. त्यानंतर गहू घेतला. तिसऱ्या वर्षी हरभरा उगवला. अण्णा तो पाहण्यास राहिले नव्हते.

शेतकऱ्याला गुरू मानणारे शास्त्रज्ञ

मळ्यातल्या ज्ञानाला शास्त्राच्या दरबारात मान नाही अशी आपली एक समजूत असते. ती पूर्णपणे खरी नाही. सर अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ साली बिहारमधील पुसा येथील कृषी संस्थेत आले. शिकवण्यासाठी आलेल्या या गृहस्थांनी भोवतालचे शेतकरी आणि पिकांवर पडणारी कीड यांनाच आपले प्राध्यापक मानले. कीड म्हणजे शत्रू असे न समजता, जमिनीचे किंवा वाणाचे काय चुकले हे सांगणारा तो निरोप्या आहे, अशा दृष्टीने ते पाहू लागले. पुढे १९२४ ते १९३१ या काळात इंदूर येथे त्यांनी काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली गोठ्यातली माती आणि राख यांचे थर रचून, ते उलटेपालटे करून, सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची रीत बसवली. जगभर ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. या कामावर १९३१ साली निघालेल्या पुस्तकावर हॉवर्ड यांच्यासह यशवंत वाड यांचे नाव आहे, हे आपण मराठी माणसांनी अभिमानाने लक्षात ठेवावे.

आपल्या कोल्हापुरातही असा एक माणूस होऊन गेला. प्रा. श्रीपाद अच्युत दाभोळकर हे गणिताचे अध्यापक. तासगाव भागातील द्राक्ष बागायतदारांबरोबर काम करताना त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला. त्यात कोणी वरून उपदेश करीत नसे. प्रत्येक शेतकऱ्याने आपल्या रानात प्रयोग करायचा, पान किती वाढले, ऊन किती मिळाले, काडी कधी पक्व झाली याची नोंद ठेवायची आणि ती पत्रांतून, भेटींतून इतरांपुढे मांडायची, अशी ती रीत होती. पिकाचे पान हा सूर्यप्रकाश साठवणारा कारखाना आहे आणि शेतकऱ्याने त्या कारखान्याचा हिशेब ठेवला पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. २००१ साली ते गेले. त्यांच्यामुळे मी वही ठेवायला लागलो. माझ्या घरी आज अशा तेवीस वह्या आहेत आणि घरातल्या कोणत्याही दागिन्यापेक्षा मी त्यांना अधिक जपतो.

मुळांनी ठेवलेली ठेव

रान सुधारले, परंतु कायम निधी अजून रिकामा होता. सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली होता. शेणखत आणावे तर गावात जनावरेच उरली नव्हती. या प्रश्नाची एक वाट कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर यांच्या अनुभवातून दिसली. कृषी पदवीधर असलेल्या चिपळूणकरांनी स्वतःच्या ऊस-भातशेतीत अनेक वर्षे निरीक्षण करून असे मांडले, की मागील पिकाची मुळे आणि बुडखे नांगरून उपटून टाकण्याऐवजी जागच्या जागी कुजू द्यावेत. तेच उत्तम खत होय. कर्जत तालुक्यात नेरळजवळ चंद्रशेखर भडसावळे यांनी भातासाठी अशाच विचाराने ‘सगुणा भात तंत्र’ विकसित केले. त्यात गादीवाफे कायम ठेवतात, नांगरणी, चिखलणी आणि लावणी टाळतात आणि कापणीनंतर मुळे जमिनीतच राहू देतात. या दोन्ही पद्धतींत तणनाशकाचा वापर होतो आणि त्यावर मतभेद आहेत, हेही सांगितले पाहिजे. मी स्वतः ते शक्य तितके टाळतो. त्यासाठी मजुरीचा खर्च मला अधिक पडतो.

पाचट जाळणे मी बंद केले. एका एकरातून साधारण तीन-चार टन पाचट निघते. ते पेटवणे म्हणजे कायम निधीच्या नोटा पेटवणे. पहिल्या वर्षी खोडव्याच्या सरीत पाचट पसरले आणि खोडवा पिवळा पडला. गावात हसे झाले. कारण शोधले तेव्हा समजले, की वाळलेले पाचट कुजवणाऱ्या सूक्ष्म जीवांना नत्र लागते आणि ते आधी ते जमिनीतून उचलतात. दुसऱ्या वर्षी पाचटावर थोडा युरिया, सुपर फॉस्फेट आणि पाचट कुजवणारे जिवाणू टाकले; मग खोडवा हिरवा राहिला. उंदरांचा त्रास झाला तो वेगळा. तिसऱ्या वर्षी उन्हाळ्यात पाण्याच्या दोन पाळ्यांमधले अंतर मला वाढवता आले, कारण पाचटाखालची ओल टिकत होती. चौथ्या वर्षी गांडुळांच्या विष्ठेचे ढिगारे दिसू लागले.

याच संदर्भात जपानचे मासानोबू फुकुओका यांचे उदाहरण सांगतो. न नांगरता, भाताच्या पेंढ्याने रान झाकून भात आणि सातू पिकवणारे हे शेतकरी त्यांच्या १९७५ सालच्या पुस्तकाने जगप्रसिद्ध झाले. आपले लोक त्यांचे यश सांगतात. मला त्यांनी स्वतःच मोकळेपणाने सांगितलेले अपयश अधिक मोलाचे वाटते. निसर्गावर सोपवायचे म्हणून त्यांनी वडिलांच्या संत्र्यांच्या बागेची छाटणी थांबवली; फांद्या एकमेकींत गुंतल्या, किडी पडल्या आणि झाडे वाळून गेली. त्यातून ते समजले, की एकदा माणसाने वळण लावलेले झाड एकाएकी वाऱ्यावर सोडणे याला नैसर्गिक शेती म्हणत नाहीत. वर्षानुवर्षे खतापाण्याची सवय लागलेली आपली जमीनही तशीच आहे. तिला एका हंगामात सर्व सोडायला लावणारे शेतकरी दुसऱ्या वर्षी निराश होऊन पूर्वीच्या वाटेला परततात. मी दरवर्षी एकेक एकर बदलत गेलो, त्याला नऊ वर्षे लागली.

पाण्याचा ताळेबंद

जमिनीचा निधी ज्याचा त्याला सांभाळता येतो. पाण्याचा निधी मात्र सर्वांचा असतो. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे या अभियंत्याने पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे देवस्थानाची चाळीस एकर माळरान जमीन भाडेपट्ट्याने घेतली, पावसाचे पाणी अडवले आणि त्यातून ‘पाणी पंचायत’ उभी राहिली. पाणी जमिनीच्या मालकीप्रमाणे वाटायचे नाही, घरातल्या माणसांच्या संख्येप्रमाणे वाटायचे, माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला अधिकाधिक अडीच एकर भिजेल इतकेच, भूमिहीनालाही वाटा, आणि त्या पाण्यावर ऊस घ्यायचा नाही, असे तिचे नियम होते. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारात पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली ग्रामसभा पाऊस आणि विहिरींतील पाणी मोजून पाण्याचा अंदाजपत्रक मांडते आणि मगच पिके ठरवते. शेतीसाठी कूपनलिका नाहीत, ऊस आणि केळी नाहीत. त्यांच्याकडे पाण्याचा तुटवडा होता आणि आमच्याकडे अतिरेक. तरी कारण एकच आहे : पाणी मोजल्याशिवाय पीक ठरवू नये.

आमच्या चौदा जणांच्या गटाने यातून एवढेच घेतले, की शिवारात सहा ठिकाणी छिद्रे पाडलेल्या नळ्या पुरल्या आणि दर अमावस्येला जमिनीखालच्या पाण्याची पातळी मोजू लागलो. पातळी वर आली की पाळी लांबवायची, असा नियम केला. ठिबकाने पाणी वाचते, परंतु खाली निचरा नसेल तर थेंबाच्या ओलीच्या कडेला क्षार साचतात, हेही या मोजणीमुळे आम्हांला वेळीच कळले.

शिकण्याची रीत

इतक्या वर्षांत दुसऱ्याच्या शेतात शिकायला जाण्याची माझी एक रीत बसली आहे. तरुण मित्रांसाठी ती सांगतो.

पहिली गोष्ट, पीक पाहण्याआधी माती पाहावी. मूठभर माती हातात घ्यावी, तिचा वास घ्यावा, खड्डा खणून मुळे किती खोल गेली ते पाहावे. उभे पीक एका हंगामाचे सांगते, माती दहा वर्षांचे.

दुसरी, यजमानाला यश विचारण्याआधी अपयश विचारावे. कोणते वर्ष वाईट गेले आणि का, हे जो सांगू शकतो त्याच्याकडे शिकण्यासारखे पुष्कळ असते. जो सांगत नाही त्याचा चहा घेऊन नम्रपणे परत यावे.

तिसरी, प्रत्येक कृतीचे कारण विचारावे आणि ते कारण आपल्या रानात लागू आहे का हे पाहावे.

चौथी, नवी गोष्ट आधी दोन गुंठ्यांत करावी आणि शेजारी जुन्या रीतीचे दोन गुंठे ठेवावेत. तुलना नसेल तर पाऊस चांगला झाल्याचे श्रेय आपण आपल्या प्रयोगाला देतो.

पाचवी, उत्पन्नाबरोबर खर्च, पाणी आणि मातीची तपासणी यांचीही नोंद करावी. एकरी टनेज वाढले आणि कर्ब घटला, तर ती वाढ नसून मुद्दलाची उचल आहे.

अजून न सुटलेले

सर्व काही साधले असा आपला समज करून देणे मला उचित वाटत नाही. आरंभीची तीन वर्षे माझे उत्पन्न घटले आणि ती मी दुधाच्या धंद्यावर आणि पत्नीच्या काटकसरीवर काढली. ज्याच्याकडे दोनच एकर आहेत त्याने हा काळ कसा काढावा, याचे उत्तर माझ्यापाशी नाही. उसाला हमखास भाव आहे, डाळींच्या भावाचा भरवसा नाही. त्यामुळे फेरपालट करणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागते. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी आमचा सामाईक चर गाळाने भरला. प्रत्येक वेळी तो उकरण्यासाठी पुन्हा वर्गणी, पुन्हा बैठका झाल्या. २०२१ नंतर चौदांपैकी तिघे बाजूला झाले. चर त्यांच्याही रानातून जातो, म्हणून उरलेल्या अकरा जणांनी त्यांच्या वाट्याचे काम केले. रागाने नाही, पाणी तुंबले तर ते सर्वांच्याच मुळाशी येते म्हणून.

अखेरीस विश्वस्तांना एक विनंती करतो. ट्रस्टच्या मालकीची जी थोडी शेतजमीन आहे, ती दरवर्षी लिलावाने एका वर्षाच्या खंडाने दिली जाते. एका वर्षासाठी घेतलेल्या जमिनीत कोणी धैंचा गाडत नाही, कोणी पाचट राखत नाही. खंडकरी तिच्यातून जेवढे काढता येईल तेवढे काढतो. त्याचा दोष नाही, कराराचा आहे. ती जमीन निदान नऊ वर्षांच्या कराराने एखाद्या होतकरू तरुण शेतकऱ्याला द्यावी. अट एकच घालावी, की त्याने वही ठेवावी आणि ती वही व ते शेत सर्वांना पाहण्यास खुले असावे. फसलेले प्रयोगही त्यात लिहिले जावेत. दरवर्षी माती तपासून तो आकडा ट्रस्टच्या वार्षिक अहवालात, कायम निधीच्या रकान्याशेजारी छापावा. खंडाची रक्कम कदाचित थोडी कमी येईल. परंतु पन्नास वर्षे दात्यांचा पैसा जपणाऱ्या संस्थेने आपली माती तितक्याच काळजीने जपली, तर शतकमहोत्सवाच्या वेळी या व्यासपीठावर उभा राहणारा शेतकरी निधी मोडल्याची हकीकत सांगणार नाही.

मागील पंधरवड्यात माझ्या नातवाने त्या खालच्या तीन एकरांत हरभरा पेरला. पेरणीआधी त्याने मला विचारले, “आजोबा, येथे खरेच मीठ होते?” मी त्याला जुनी वही काढून दिली. त्याने ती वाचली, आणि मग फावडे घेऊन चराचे तोंड साफ करायला गेला.